डेझर्ट कूलर: सोलापूरच्या उन्हाळ्यात किती कामाचा?

सोलापूर म्हणजे काही वाळवंट नव्हे, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे गेला की हवा जवळपास तितकीच कोरडी. हाच कोरडेपणा डेझर्ट कूलरला मानवतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, म्हणून भर दुपारी तो उत्तम चालतो. जूनमध्ये ढग भरून आले की मात्र नुसती चिकचिक. तेव्हा पंप बंद करून फक्त पंखा चालवावा.

कूलर खिडकीबाहेर, सावलीत ठेवा आणि समोरचं दार थोडं उघडं हवंच. बंद खोलीत ओल साठते, गारवा जातो, आणि बोल मात्र कूलरला!

खरी अडचण पाण्याची. तासाला पाच-सहा लिटर सहज लागतं; नळ चार-पाच दिवसांआड येणाऱ्या घरात ६० लिटरची टाकी रोज भरणं जड जातं. बोअरचं जड पाणी वापरलं तर पॅडवर, म्हणजे हवा ज्यातून आत येते त्या ओल्या थरावर, पांढरे क्षार चढतात, त्यावर पाणी सोडणाऱ्या वरच्या नळीची भोकं बुजतात आणि पॅडचा एक पट्टा कोरडाच राहतो. झळ येते ती तिथूनच. भोकं सुईने मोकळी करा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. क्षार तळाशी साठतात, डासांच्या अळ्याही त्याच साचलेल्या पाण्यात होतात.

गवताचे पॅड स्वस्त, पण एका हंगामाचे. हनीकोम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे पॅड, महाग, तरी दोन-तीन उन्हाळे निघतात. पत्र्याची बॉडी असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढा.