‘प्रो से ७’: वकील नसलेल्या तक्रारदारासाठी उपयुक्त दावा-नमुना

न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला वर्णामुळे बढती नाकारली गेली आणि त्याविरुद्ध तक्रार करताच त्याला कामावरून काढण्यात आले. वकील परवडत नसल्याने त्याने अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारा ‘प्रो से ७’ (‘प्रो से’ म्हणजे वकिलाविना, स्वतःच बाजू मांडणे) हा नोकरीतील भेदभावाच्या दाव्याचा नमुना भरायला घेतला. मी इकडे दादरला त्याची छापील प्रत समोर ठेवून, फोनवर त्याच्याबरोबर पान न् पान वाचले.

या नमुन्याचे खरे बळ असे की तो कायद्याचा युक्तिवाद मागत नाही, उलट तो करू नका असे बजावतो. त्याला हवी असते ती हकिकत. कोणते कृत्य घडले आणि ते वंश, वर्ण, धर्म की मूळ राष्ट्र यांपैकी कशामुळे, यासाठी चौकटी आखलेल्या आहेत. भाच्याने आधी ‘मला सतत अपमानित केले जाई’ एवढेच लिहिले होते. त्या जागी कोणत्या बैठकीत, कोणासमोर, कोणते शब्द उच्चारले गेले आणि त्यानंतर कनिष्ठ सहकाऱ्याला बढती कधी मिळाली, हे तारखांसह आले. कोर्टाचा कागद म्हणजे वकिली भाषा, असेच आपण मुंबईत धरून चालतो. म्हणून हा साधेपणा मला फार मोलाचा वाटला.

मुदतींचे भान मात्र स्वतःच ठेवावे लागते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली आधी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करणे बंधनकारक आहे. त्यासाठी १८० दिवस आणि न्यू जर्सीसारख्या, स्वतःची यंत्रणा असलेल्या राज्यांत ३०० दिवस मिळतात. आयोगाचे दाव्याची मुभा देणारे पत्र मिळाल्यावर ९० दिवसांत न्यायालय गाठावे लागते.

वांशिक भेदभावाच्या दाव्यात मला खटकलेली उणीव वेगळीच आहे. करार आणि नोकरीत वंशावरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या ‘कलम १९८१’ या वेगळ्या फेडरल कायद्याची छापील चौकट नमुन्यात नाही, ते ‘इतर फेडरल कायदा’ या ओळीवर हाताने लिहावे लागते. या कलमाखाली आयोगाकडे जाण्याची अट नाही, मुदत सहसा ४ वर्षांची असते आणि सातव्या प्रकरणातील ३,००,००० डॉलरची कमाल भरपाई-मर्यादाही लागू होत नाही. ती ओळ कोरी सोडू नये.

दाखल करण्याचे शुल्क ४०५ डॉलर आहे. ते झेपत नसेल तर शुल्कमाफीचा स्वतंत्र अर्ज दाव्यासोबतच द्यावा.