नऊ महिने, तीन ट्रेक आणि झाकणाची रिंग

ट्रेकवर न्यायच्या याच शौचाच्या डब्याला फेब्रुवारीत मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. ते मागे घेतेय.

डबा कुठला ते ट्रेकवाल्यांना सांगायला नको: शी करून, बंद करून खाली आणायचा तो काळा, सात लिटरचा, सोबत पिशव्या आणि जेलची पावडर. डिसेंबरमध्ये 4,200 रुपयांना घेतला, बारा पिशव्यांचे 900 वेगळे. म्हणजे एका वेळेचे 75 रुपये. मुलुंडहून खिरेश्वरला जायचं एसटीचं भाडं मोजून ठेवणारी मी. तरी घेतला, कारण हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या मागच्या झुडपांत टिश्यू पेपरचा खच मी डोळ्यांनी पाहिलाय. पाऊस पडला की ते सगळं उतारावरून वाहत येतं, आणि आपण गडावरच्या टाक्याचंच पाणी पितो.

जानेवारीत हरिश्चंद्रगड, मार्चमध्ये राजमाची. दोन्हीकडे तक्रारीला जागा नव्हती. बसायला मजबूत, वास नाही, पावडर टाकली की दहा मिनिटांत सगळं घट्ट. जानेवारीच्या ट्रेकच्याच भरात फेब्रुवारीत पाच तारे दिले होते.

मग ऑगस्टमध्ये लडाखमधलं शिखर कांग यात्से 2, उंची 6,250 मीटर. आमचा नऊ जणांचा ग्रुप, असे तीन डबे. पूर्वी मुंबईचे बरेच जण पहिलं सहा हजारी शिखर म्हणून स्टोक कांगरीला जायचे. ते 2020 मध्ये बंद केलं. तिथल्या ओढ्याचं पाणी खालचं स्टोक गाव पितं, आणि बेस कॅम्पवर गर्दीने काय करून ठेवलं होतं ते तिथल्यांनीच भोगलं. थंडीत जिवाणूंचं काम जवळपास थांबतं, त्यामुळे वर पुरलेलं कुजत नाही, नुसतं टिकून राहतं. अलास्कातल्या डेनालीवर काहिल्टना हिमनदीचा अभ्यास झाला तेव्हा हेच दिसलं: बर्फात गाडलेली विष्ठा नाहीशी होत नाही, हिमनदीबरोबर सरकत खाली येते आणि कधीतरी वर निघते. तिथे 2018 पासून 14,000 फुटांच्या कॅम्पच्या खाली केलेलं सगळं डब्यात भरून परत आणावं लागतं. एव्हरेस्टच्या बाजूला तिथल्या पालिकेने 2024 मध्ये गिर्यारोहकांना पिशव्या सक्तीच्या केल्या. आपल्याकडे अजून ज्याच्या त्याच्या मनावर आहे, म्हणून डबा नीट चालणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

आणि तो नीट चालला नाही. झाकणाच्या आत जी काळी रबराची रिंग बसते, ती.

बेस कॅम्पवर ऑगस्टमध्येही पहाटे तंबूबाहेरची पाण्याची बाटली गोठलेली असायची. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण फिरवलं तर शेवटचा अर्धा आटा बसेना. बोट लावून पाहिलं, रिंग प्लास्टिकच्या बांगडीसारखी कडक. थंडीत ते रबर ताठरतं, मग काठाला चिकटत नाही. झाकण बंद दिसतं, पण हवा जायला जागा राहते. त्यात रात्री गारठलेला काळा डबा दुपारी घोड्याच्या पाठीवर उन्हात तापतो, आतली हवा फुगते आणि तिथूनच बाहेर येते. खाली निमालिंगच्या मुक्कामाला येईपर्यंत घोडेवाल्या दादांनी माझा डबा सोडवून शेवटच्या घोड्यावर, बाकी सामानापासून लांब बांधला होता. ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तो त्यांना दिला नाही, माझ्या सॅकला बांधून चालले.

पावडरबद्दलही मत बदललं. ती बाळाच्या डायपरमधलीच जात. पाणी भरपूर शोषते, पण लघवीतल्या मिठामुळे तिची ताकद खूप कमी होते. शिवाय गोठलेल्यावर ती कामच करत नाही, आधी ओल लागते. चौथ्या दिवसापासून मी लघवी डब्यात जाऊच दिली नाही. बायकांसाठीचं फनेल आणि वेगळी बाटली. डबा निम्म्याने हलका झाला, वासही कमी. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. कंपनीच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही.

उतरताना मारखा खोऱ्यात एका घरी राहिलो. घरच्या आमालेंनी (तिकडे आईला असं म्हणतात) त्यांचा संडास दाखवला: वरच्या मजल्यावर खोली, जमिनीत चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. झालं की माती-राख लोटायची. पाण्याचा थेंब नाही. खालच्या खोलीत साठतं आणि मुरलं की शेतात जातं. मी डबा तिथे रिकामा करू का विचारलं, तर त्यांनी पिशवीकडे बघून मान हलवली. माती चालते, प्लास्टिक आणि जेल शेतात चालत नाही. बरोबरच होतं. 75 रुपयांची पिशवी मी लेहपर्यंत वाहिली आणि तिथे एजन्सीकडे दिली. पुढे तिचं काय झालं असेल हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

कायमच्या कॅम्पवर अशी कोरडी खोली किंवा जैवशौचालय हवं. डीआरडीओने सियाचीनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठी थंडीत तग धरणाऱ्या जिवाणूंची टाकी बनवली, त्याच तंत्राच्या टाक्या आज रेल्वेच्या डब्यांखाली आहेत. पण ती टाकी एका जागी बसवायची असते. त्याच्या वर, शिखराच्या वाटेवर, डब्याशिवाय इलाज नाही. म्हणून पुन्हा रिंगवर येते.

कंपनीला तीन मेल केले, दोनदा फोन. "मॅडम, रिंग सुटी येत नाही, पूर्ण डबा घ्यावा लागेल." वापरलेला माल परत घेत नाहीत, हे ठीक आहे. पण डोंगरासाठी म्हणून विकायचं आणि थंडीत काय होतं हे विचारल्यावर "आमच्याकडे अशी तक्रार नाही" म्हणायचं, याचा मला मनापासून राग आला. चार हजार दोनशे रुपये मी एका रिंगसाठी पुन्हा देणार नव्हते.

मग मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठली. तिथे सिलिकॉनची गोल दोरी मीटरवर मिळते. दीड मीटर घेतली, 140 रुपये. टोकांना तिरका काप, सिलिकॉन सीलंट, रात्रभर दाबून ठेवली. दुसऱ्या रात्री धुतलेली जुनी रिंग आणि ही नवी, दोन्ही पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये. सकाळी काढल्या काढल्या बोटाने दाबल्या. जुनी ताठ, वाकवली तर तशीच राहिली. नवी लगेच पहिल्यासारखी गोल.

बाकी डब्याला माझे अजूनही चार तारे, झाकणाला एक. पिशव्या आता मागवणार नाही; सह्याद्रीत वर्तमानपत्राचा पदर आणि लाकडाचा भुसा घालून पाहिला, खाली आणून गावातल्या संडासात ओतता येतो.

रिंग घ्यायला जाताना झाकण सोबत न्या. मी पहिल्यांदा माप लिहून नेलं होतं, 6 मिमी जाडी, आणि ती खाचेत सैल पडली. 7 ची बसली.