जावाचा ट्रीसेट, हापूसच्या पेट्यांवर दोन सीझन वापरून

पावसला आमची कलमांची बाग आहे, काकांच्या वहीतला पेट्यांचा हिशोब कॉम्प्युटरवर आणायचा होता तेव्हा ट्रीसेट घेतला, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतली नोंदी ठेवायची तयार सोय. काकांना यादी कायम लावलेली लागते, आधी ४ डझनी मग ५ मग ६, आणि एकच पेटी दोनदा लिहिलेली अजिबात चालत नाही. हे दोन्ही तो स्वतःच बघतो, अ‍ॅड केलं की पेटी आपल्या जागेवर जाऊन बसते, परत सॉर्ट नको काही नको. आत रेड-ब्लॅक ट्री (स्वतःचा तोल सांभाळणारी झाडासारखी रचना) आहे, १० लाख नोंदी झाल्या तरी नवीन एक घालायला वीसेक तुलना पुरतात, आमचा तर जुना लॅपटॉप.

पण पहिल्याच दिवशी घाम फुटला. ४० पेट्या चढवल्या आणि स्क्रीनवर फक्त ३! काका म्हणतात, "अरे बाकीच्या कोणी नेल्यान?" एरर नाही, वॉर्निंग नाही. रात्री २ वाजता कळलं की मी कम्पॅरेटर (दोन पेट्यांत आधी कुठली ते ठरवणारा कोड) नुसत्या डझनावर लिहिलेला, आणि ट्रीसेट डुप्लिकेट ठरवताना इक्वल्सकडे (दोन वस्तू सारख्या आहेत का ते सांगणारी जावाची नेहमीची पद्धत) बघतच नाही, कम्पॅरेटरने शून्य दिलं की त्याच्या लेखी दोन्ही पेट्या एकच, जुनी राहते, नवी आत जात नाही. अ‍ॅड तेव्हा फॉल्स, म्हणजे 'नाही घातली', एवढंच उत्तर देतो, मी तो बघतच नव्हतो. आता डझन सारखे असले तर पेटीचा नंबर बघ असं लिहिलंय, आणि फॉल्स आला की स्क्रीनवर लाल पट्टी येते.

अजून एक, आत गेलेल्या पेटीचे डझन तिथल्या तिथे बदलू नका, ती जुन्याच जागी राहते आणि मग शोधून सापडत नाही. काढा, बदला, परत घाला. नल, म्हणजे रिकामी नोंद, घातलं तर सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर, ते बरंच आहे.

वाशीच्या गाडीत पेट्या चढल्या तो क्रम पाहिजे असेल तर मात्र जावाचाच लिंक्डहॅशसेट घ्या, तीच पेटी परत अ‍ॅड झाली तरी जागा हलत नाही, आणि जावा २१ पासून रिव्हर्स्ड आलंय, त्यामुळे उतरवायची उलटी यादी फुकटात मिळते. अ‍ॅडफर्स्ट (पेटी सगळ्यात पुढे घालणं) पण तिथेच चालतं, ट्रीसेटवर केलंत तर एक्सेप्शन, तिथे क्रम कम्पॅरेटरच ठरवणार ना.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक कापला तो त्या गप्प बसणाऱ्या फॉल्ससाठी, त्या रात्री काका पडवीत बसून वहीतून पेट्या परत मोजत होते.