जुन्या निवाड्याचे वजन नेमके सांगणारा सल्ला

डिचोली तालुक्यातील आमच्या वाड्यावर जाणाऱ्या वाटेत शेजारच्या नव्या इमारतीचा जिना आल्यापासून चारचाकी आत येत नाही. म्हापशातील एका वकीलबाईंच्या कार्यालयात आम्ही चौघे गेलो, तेव्हा हाती 1994 सालच्या निवाड्याची पिवळी पडलेली प्रत होती आणि ‘ही वाट सार्वजनिक असल्याचे कोर्टाने ठरवलेलेच आहे, आता फक्त जिना पाडायचा’ असा आमचा पक्का समज होता.

बाईंनी आधी पक्षकारांची नावे पाहिली. तो दावा वाटेपलीकडच्या एका जमीनमालकाने गावातल्या एकावर लावला होता. आजचा इमारतमालक त्यात नव्हता आणि त्याची जमीनही त्या मालकाकडून आलेली नाही, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 11 खाली तो निवाडा त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही. मात्र सार्वजनिक हक्काविषयीचा निवाडा त्रयस्थाविरुद्धही पुरावा म्हणून ग्राह्य असतो, निर्णायक मात्र नसतो, असे भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 36, म्हणजे जुन्या कायद्यातील कलम 42, सांगते. त्या कलमाखाली दिलेले उदाहरणही वाटेच्या हक्काचेच आहे, आणि ते वाचताना आमचीच फाईल कोणी छापली की काय असे वाटले.

एवढ्याने निवाडा कुचकामी ठरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, हिच्या कलम 152 खाली अडथळा हटवण्यासाठी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केल्यावर समोरच्याने वाट सार्वजनिक असल्याचे नाकारले आणि त्यासाठी विश्वसनीय पुरावा दिला, तर दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत ते प्रकरण थांबते. त्या टप्प्यावर जुना निवाडा, सर्वेचा नकाशा आणि वृद्धांच्या साक्षी एकत्र ठेवल्यास नकाराचे बळ कमी होते. दुसरा मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 91 चा: विशेष नुकसान झालेले नसले तरी दोघे किंवा अधिक जण न्यायालयाच्या परवानगीने सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा लावू शकतात.

आधी भेटलेल्या एका वकिलाने 1980 सालचा रतलाम नगरपालिकेचा निवाडा ‘रामबाण’ म्हणून आमच्या हाती दिला होता. गटारे आणि घाण यांच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पैशांची सबब सांगून नगरपालिकेला कर्तव्य टाळता येणार नाही असे ठरवले. एखादी वाट सार्वजनिक आहे की नाही हा प्रश्न तिथे नव्हताच, हे बाईंनी दोन मिनिटांत दाखवले. माझ्या मते त्यांच्या शुल्काची किंमत इथेच वसूल झाली.

उणीव एवढीच की लेखी टिपण मागूनही मिळाले नाही, सगळे आम्हालाच वहीत उतरवावे लागले, आणि दुसऱ्या बैठकीला दीड तास बाहेर बसावे लागले. दोन बैठकांचे 3,000 रुपये झाले. जाताना निवाड्याची प्रमाणित प्रत सोबत न्यावी. आमच्या साध्या झेरॉक्सवर त्यांनी अर्ज लिहायला नकार दिला.