साठच्या दशकातला फेंडर प्रिसिजन बेस: पैसे मोजण्याआधी चार स्क्रू काढा

अमेरिकन बेस गिटारवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डांवर वाजवला तो फेंडर कंपनीचा 1962 चा प्रिसिजन बेस गिटार. 1962 ते 65 च्या, ‘एल’ने सुरू होणाऱ्या सीरियल नंबरच्या बेसचा तो भरीव आवाज आजही गाण्यात अचूक बसतो. वाद्य म्हणून पैकीच्या पैकी गुण. विकत घेताना मात्र जपून, कारण मान एका बेसची, बॉडी दुसऱ्याची आणि पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग) तिसऱ्याचा असे जुळवलेले नग बाजारात बरेच आहेत.

मागच्या पत्र्यावरच्या एल-नंबरावर विसंबू नका. पत्रा सहज बदलता येतो, नकलीही मिळतो. तारा सैल करा, पत्र्याचे चारही स्क्रू काढून मान उतरवा. विक्रेता नको म्हणाला तर तिथेच थांबा. मानेच्या टाचेवर ‘5 मे 64 सी’ अशा धर्तीचा इंग्रजी शिक्का असतो. त्यातला 5 ही तारीख नव्हे, तो प्रिसिजन या मॉडेलचा कोड. फेंडरच्याच जॅझ बेस या मॉडेलचा 7. ‘सी’ म्हणजे नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) पावणेदोन इंच रुंदी. मान हातात आहे तोवर ट्रस रॉडचा (मानेतल्या, तिचा बाक सांभाळणाऱ्या सळीचा) आवळायचा नटही फिरवून बघा. तो शेवटापर्यंत आवळलेला असूनही मानेला बाक असेल तर दुरुस्ती महागात जाते.

मग पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी) उचला. पॉटवर (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) 304 6418 असेल तर 304 म्हणजे स्टॅकपोल ही पॉट बनवणारी कंपनी, साल 1964, आठवडा 18 वा. पॉट मानेच्या आधीचा किंवा त्याच सुमाराचा हवा. बराच नंतरचा निघाला तर बहुधा बदललेला आहे, तेवढी किंमत उतरवा. (1966 नंतरच्या बेसना हा हिशेब लागू नाही. त्या वर्षी फेंडरने पॉटचा प्रचंड साठा घेतला आणि तो पुढे काही वर्षं वापरला.) डाख जुना, मंद दिसायला हवा. केबल लावायच्या जॅकवर मल्टिमीटरने साधारण 10-11 किलोओहम यावेत. पिकअपचे दोन भाग सीरिजमध्ये असतात, त्यामुळे एका कॉइलची तार तुटली तरी आवाज जवळजवळ बंद होतो.

सगळ्यात जास्त पैसा रंगात अडकलेला असतो. 1964 च्या अखेरपर्यंत कारखान्यात बॉडीला खिळे ठोकून, त्यांवर ती टेकवून रंगवत आणि नंतर खिळे उपटत. म्हणून पिकगार्डखालच्या खिळ्याच्या भोकात कोरं लाकूडच दिसायला हवं. आत रंग दिसला किंवा भोक बुजवलेलं असलं तर बॉडी पुन्हा रंगवलेली आहे, आणि किंमत साधारण निम्मी होते. संग्राहकाने असा बेस सोडावा. कार्यक्रमात वाजवणाऱ्याने मात्र हाच शोधावा: मान, पिकअप, पॉट मूळचे आणि फक्त रंग नवा, यापेक्षा चांगला सौदा नाही.

त्या काळच्या फिंगरबोर्डचं ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून साइटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. अमेरिकेतून मुंबई-पुण्यात मागवत असाल तर लागणारे परवाने हातात पडेपर्यंत पैसे पाठवू नका.