कडक बेल्ट की मऊ? कंबरदुखीसाठी निवडताना

कंबरेच्या बेल्टची निवड बहुतेकांच्या बाबतीत शेवटी दोनांवर येते: पाठीमागे धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला कडक बेल्ट, नाहीतर पट्ट्यांशिवायचा, ताणला जाणारा मऊ बेल्ट. मी दोन्ही वापरले आहेत. मापं आणि कापड यांबद्दल लिहीत नाही, ते खोक्यावर असतंच.

कंबर धरलेली असताना कडक बेल्ट आवळला की धीर येतो, हे खरं. उभ्याने करायची कामं निभतात. फ्रॅक्चरनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी तोच सांगितला असेल, तर प्रश्नच मिटला.

माझी कटकट बसल्यावर सुरू व्हायची. खुर्चीत टेकलं की खालची कड मांड्यांवर अडते आणि अख्खा बेल्ट वर सरकतो. मग वरची कड बरगड्यांत रुतते, पोट आवळलं जातं, आणि जिथे आधार हवा तिथे सैल. उठायचं, ओढून खाली करायचा, पुन्हा बसायचं, की पुन्हा तेच. जास्त घट्ट बांधला तर जेवल्यावर नीट बसवत नाही. माझं काम बैठं आहे, त्यामुळे खरं तर इथेच मऊ बेल्टच्या बाजूने निकाल लागला.

दुसरं कारण जरा आतलं आहे. कंबर किती वाकली आहे हे न बघता कळतं, कारण स्नायू, सांधे आणि त्वचा मेंदूला सतत खबर देत असतात. जुनी कंबरदुखी असलेल्या अनेकांमध्ये हे भान कमी झालेलं आढळतं, सगळ्यांमध्ये नाही. ते तपासताना डोळे मिटून ठरावीक कोनात वाकायला लावतात, सरळ करतात, मग पुन्हा त्याच कोनात जायला सांगतात. किती अंश चुकलं ते मोजतात. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात बेल्ट लावल्यावर चूक कमी झाली, आणि ज्यांचं भान मुळात कच्चं होतं त्यांना फायदा जास्त दिसला. त्यातली माणसं मात्र निरोगी होती, तेव्हा फार उड्या मारायला नकोत.

माझा अनुभव सांगायचा तर मऊ बेल्टमध्ये वाकायला लागलं की पाठीवरचं कापड ताणतं, आणि पाठ गोल होतेय हे चटकन लक्षात येतं. सरळ मीच व्हायचं असतं. कडक बेल्ट वाकूच देत नाही, त्यामुळे मी त्याच्यावर रेलून बसायचो. तुमचं वेगळं असू शकेल.

मऊ बेल्टलाही खोडी आहेतच. घाम येतो, कडा गुंडाळल्या जातात, काही काळाने ताण सैल पडतो, आणि खूप दुखत असेल तेव्हा तो अपुरा वाटतो. शिवाय दिवसभर बांधून ठेवला तर त्वचेला त्याची सवय होते आणि तो काही सांगेनासा होतो. म्हणून मी वजन उचलताना किंवा लांब बैठकीतच लावतो.

उपचार म्हणून मात्र कुठल्याच बेल्टवर विसंबू नका. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना तर कंबरदुखीसाठी बेल्ट देऊच नका म्हणतात. व्यायाम चालू ठेवावाच लागतो. पायात बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर बेल्ट बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठा.

तरीही घ्यायचाच असेल तर उभ्याने आरशात बघून घेऊ नका. बांधून खुर्चीत निवांत बसा, बुटाची नाडी बांधायला वाका, उठा, आणि बेल्ट कुठे सरकला ते बघा.