उद्यमबागेत अंड्युलेटरचा नमुना करायचाय: हायब्रिड की अतिवाहक?

बेळगावच्या एखाद्या मशीन शॉपने किंवा अभियांत्रिकीच्या गटाने एक्स-रे फ्री-इलेक्ट्रॉन लेसरसाठी (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरणांचा लेसर करणारं यंत्र) १ मीटरचा अंड्युलेटर करायचं ठरवलं, तर आधी हायब्रिड करा. अंड्युलेटर म्हणजे चुंबकांच्या समोरासमोरच्या दोन रांगा; मधून जाणारे इलेक्ट्रॉन नागमोडी वळतात आणि क्ष-किरण सोडतात. हायब्रिड म्हणजे निओडिमियमच्या कायम चुंबकाच्या वड्या आणि मध्ये लोह-कोबाल्टचे ध्रुव.

अतिवाहकात, म्हणजे अतिथंड केल्यावर विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या तारेच्या रचनेत, तथ्य आहे. नायोबियम-टायटॅनियमची तार ४ केल्विनच्या आसपास ठेवली की तेवढ्याच आवर्तनात (चुंबकांची रचना पुन्हा सुरू होईपर्यंतची लांबी) आणि फटीत (दोन रांगांमधलं अंतर) जास्त चुंबकीय क्षेत्र मिळतं. किरणोत्साराने वड्यांचं चुंबकत्व उतरण्याची भीतीही नाही. पण क्रायोस्टॅट (अतिथंड ठेवणारी पेटी) हवा, क्वेंच झाला, म्हणजे अतिवाहकता अचानक गेली, तर तार वाचवणारं सर्किट हवं, वीज गेली की थंडावा हातचा जातो. मोजून झाल्यावर एखादा ध्रुव जरा सरकवावा म्हटलं, तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. पहिल्या नमुन्याला हे झेपत नाही.

हायब्रिडचा हिशेब असा. जर्मनीतल्या युरोपियन एक्सएफईएल या लेसरच्या कठोर क्ष-किरणांच्या ओळीत आवर्तन ४० मिमी आणि सर्वांत लहान फट १० मिमी आहे. तेच माप धरलं तर १ मीटरला २५ आवर्तनं, म्हणजे दोन्ही जबडे (चुंबकांच्या दोन रांगा) मिळून १०० वड्या आणि १०० ध्रुव; टोकांचे कमी ताकदीचे तुकडे वेगळे. क्षेत्र १ टेस्ला आणि ध्रुवाची रुंदी ५० मिमी असेल, तर जबडे एकमेकांना सुमारे १ टनाने ओढतात. रांग धरणारा गर्डर मध्ये वाकला की तिथे फट कमी होते. फट १ मायक्रॉनने बदलली तर क्षेत्र सुमारे दहा हजारात एक भाग हलतं, आणि चालू शकणारी एकूण चूक साधारण तेवढीच असते. स्वित्झर्लंडच्या स्विसएफईएल लेसरसारख्या १५ मिमी आवर्तनाच्या, निर्वातात बसणाऱ्या रचनेत तेवढ्याच चुकीचा फटका अडीच-तीनपट. ती दुसऱ्या फेरीला ठेवा.

तापमान इथे जास्त छळतं. निओडिमियमचं क्षेत्र दर अंशाला सुमारे ०.१ टक्का उतरतं. एप्रिलात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी आणि दुपारी मोजलं तर दोन वेगळे अंड्युलेटर मोजल्यासारखं होईल. मोजणीची खोली ०.१ अंशात धरा. समेरियम-कोबाल्ट तापमानाला साधारण तिपटीने स्थिर आणि किरणोत्सारालाही जास्त टिकतं, पण महाग, ठिसूळ आणि क्षेत्राला कमी.

जुळवणी फाउंड्रीपासून लांबच करा. बिडाचा चुरा वडीला चिकटला की पुसून निघत नाही. चिकटपट्टी लावून उचलावा लागतो. हत्यारं पितळेची, पट्ट्या ॲल्युमिनियमच्या. लोह-कोबाल्टचे ध्रुव वायरकटवर कापल्यावर निर्वात भट्टीत पुन्हा तापवून थंड करावे लागतात, नाहीतर कापताना आलेला ताण त्यांचे चुंबकीय गुण बिघडवतो.

वड्या दहा टक्के जास्त मागवा. हेल्महोल्ट्झ कॉइलवर (चुंबकत्व मोजायला वापरतात ती तारेच्या गुंडाळ्यांची जोडी) प्रत्येकीचं चुंबकत्व तिन्ही दिशांना मोजा, नंबर घाला, आणि एकीची चूक दुसरीने खोडली जाईल अशा जोड्या लावा. मगच पहिली वडी जबड्यात बसवा.